शेततळ्यातल्या माशांच्या उवा मरत नाहीत? दुसरी बाटली ओतण्याआधी हे करा

"ताई, औषध दोनदा टाकलं. उवा मरत नाहीत. आता कुठलं टाकू?"

निफाड, सिन्नर, चांदवड, येवला, कुठूनही फोन आला तरी प्रश्न हाच असतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे: आत्ता काहीही टाकू नका. आधी घरातले काचेचे बाउल काढा.

मी मत्स्यशास्त्र शिकले रत्नागिरीला, शिरगावच्या कॉलेजात. घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. त्यामुळे बागेसाठी खोदलेल्या आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीरोगावर एकाच ग्रुपचं बुरशीनाशक लागोपाठ मारलं तर पुढे ते चालत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तोच शेतकरी तळ्याच्या काठावर आला की हे विसरतो. मला याची खरंच काळजी वाटते. बाग बदलता येते, औषधाचा ग्रुप बदलता येतो, पण माशांच्या उवांसाठी आपल्या हातात औषधं मोजकीच आहेत. ती एकदा निकामी झाली की मागे दुसरं काही उभं नाही.

आधी ऊ ओळखा

आपण जिला माशाची ऊ म्हणतो ती अर्गुलस. चपटी, गोल, जवळजवळ पारदर्शक, मोठी झाली की पाच ते दहा मिलिमीटरची. भिंगाखाली धरा, खालच्या बाजूला दोन गोल चूषक दिसतील. त्यांनीच ती माशाला धरते आणि सोंडेसारखा काटा कातडीत खुपसते. रोहूला तिचा त्रास सगळ्यात जास्त. छातीच्या पराच्या मागे, परांच्या बुडाशी, कल्ल्याच्या झाकणाखाली बघा. मासा कागदाला अंग घासत असेल, मध्येच उसळी मारत असेल, तर फेकजाळं टाकून दहा-पंधरा मासे काढा आणि प्रत्येकावरच्या उवा मोजून वहीत लिहा. ही वही नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही.

कटल्याच्या अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर ती ऊ नव्हे, ती लर्निया, म्हणजे नांगर कृमी. कल्ले फिके पडलेत, त्यावर चिकट थर आलाय आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, असं असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली डॅक्टिलोगायरस किंवा गायरोडॅक्टिलस निघू शकतात. उवेचं औषध या चपट्या कृमींवर टाकलं आणि ते मेले नाहीत, तर तो औषधाचा प्रतिकार नव्हे. ते चुकीचं औषध आहे.

औषध प्रतिकार तयार करत नाही, निवडतं

"उवांना औषधाची सवय झाली," असं सगळे म्हणतात. एकाही उवेला सवय होत नाही. जी मरते ती मरतेच. पण तळ्यातल्या हजारो उवांत एखादीच्या जनुकात आधीपासून छोटा फरक असतो आणि औषध जिथे चिकटायला हवं तिथे ते नीट चिकटत नाही. बाकीच्या मेल्या की माशावर जागा तिला आणि तिच्या पिल्लांना. उष्ण पाण्यात अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत साधारण दीड-दोन महिने धरा, म्हणजे वर्षात सहा ते आठ पिढ्या. तुम्ही प्रत्येक वेळी औषध टाकता तेव्हा पुढच्या पिढीचे आईबाप निवडता.

हे सगळ्यात बारकाईनं तपासलं गेलंय ते आपल्यापासून फार लांब, नॉर्वे आणि स्कॉटलंडच्या सॅमन मासळीवर. सॅमनची ऊ वेगळी आहे, समुद्रातली, पण गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू पडते. ऑर्गेनोफॉस्फेट गटाची औषधं मज्जातंतूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकरावर काम करतात. त्या विकराच्या साखळीत ३६२ व्या जागी फिनाइलअलानिनऐवजी टायरोसिन आलं की औषध लागू पडत नाही. एका अमिनो आम्लाचा फरक, बस. आणि हा बदल औषधानं घडवलेला दिसत नाही. औषध येण्याआधीपासून तो उवांमध्ये तुरळक असावा, असं जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलंय. औषधानं फक्त त्याला वर काढलं. डेल्टामेथ्रिनचा प्रतिकार तर मुख्यतः मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएशी जोडलेला निघाला, म्हणजे तो आईकडूनच पिल्लांना मिळतो. अशी एक मादी वाचली तर तिची सगळी अंडी तो वारसा घेऊन फुटतात.

इमामेक्टिन बेंझोएट हे उवांवरचं औषध सॅमनसाठी २००० च्या सुमाराला आलं. दहा वर्षांच्या आत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आणि चिलीतही ते कमी पडू लागलं. उत्तर अटलांटिकमध्ये तर हा प्रतिकार एका ठिकाणाहून साऱ्या समुद्रभर पसरल्याच्या खुणा जनुकांत सापडल्या. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र तेच औषध बराच काळ चाललं. तिथे रानटी सॅमन भरपूर आहेत. त्यांच्या अंगावरच्या उवांनी औषध कधी पाहिलेलं नसतं. त्या उवा दरवर्षी शेतीतल्या उवांशी जुगतात आणि प्रतिकाराचं जनुक पातळ होत राहतं.

आता आपलं तळं बघा. चारही बाजूंनी कागद, बाहेरून एकही रानटी मासा आत येत नाही. रोग आत यायला नको म्हणून हे चांगलंच. पण औषध दिल्यावर जी ऊ उरते तिला जोडीदार मिळतो तोही औषधातून वाचलेलाच. पातळ व्हायला जागाच नाही. म्हणून कागदाच्या तळ्यात औषध जपून वापरायची गरज नदीपेक्षा किंवा धरणापेक्षा जास्त आहे.

गायरोडॅक्टिलसची तर याहून अवघड कथा. हा चपटा कृमी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लू देतो. आईच्या पोटात मुलगी आणि त्या मुलीच्या पोटात नात आधीच तयार असते. पहिल्या पिल्लासाठी नराचीही गरज नसते. म्हणजे औषधातून वाचलेला एकच कृमी अख्खं तळं पुन्हा भरू शकतो आणि ते सगळे त्याच्यासारखेच. उवेला निदान नर लागतो.

पाणी मोजा, अंदाज नको

माझ्याकडे "प्रतिकार" म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी शेवटी गणिताच्या निघाल्यात. पाणी कमी मोजलं तर डोस कमी पडतो, जास्त मोजलं तर जास्त होतो. शेततळ्याच्या सरकारी योजनेतलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं घ्या. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली केलं की २७०० घनमीटर येतं. पण बाजू तिरक्या असतात. उतार दीडास एक असेल तर तळ २१ बाय २१ चा होतो आणि खरं पाणी भरतं १९७१ घनमीटर. २७०० धरून औषध टाकलं तर ते गरजेपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक जास्त पडतं आणि मासे ताणात येतात. उन्हाळ्यातही असंच होतं, पाणी दीड मीटरवर आलं की लोक १९७१ च्या निम्मे धरतात, ९८५. खरं पाणी असतं जेमतेम ८१३.

हिशेब असा करा. पाण्याच्या वरच्या पातळीचं क्षेत्रफळ, अधिक तळाचं क्षेत्रफळ, अधिक मधल्या पातळीच्या क्षेत्रफळाची चौपट. ही बेरीज गुणिले पाण्याची खोली, भागिले सहा. टेप लावून मोजा. खोली काठावरून डोळ्यानं ठरवू नका, दोरीला दगड बांधून चार ठिकाणी बघा.

जास्त डोस माशाला मारतो हे सगळ्यांना कळतं. कमी डोसचं नुकसान लगेच दिसत नाही. प्रतिकाराचं जनुक सुरुवातीला विरळ असतं, त्यामुळे ते बहुतेक उवांत एकाच बाजूनं आलेलं असतं, आईकडून किंवा बापाकडून. अशी अर्धवट प्रतिकाराची ऊ पूर्ण डोसात बऱ्याचदा मरते आणि कमी डोसात जगते. "आधी थोडं टाकून बघू, नाही मेल्या तर परत टाकू," असं करणारा नेमक्या याच उवा जपून ठेवतो.

बाउलची चाचणी

ही चाचणी पाण्यात टाकायच्या औषधासाठी आहे. खाद्यातून द्यायच्या औषधाला ती चालत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी.

एक लिटर तळ्याचं पाणी मावेल असे पाच काचेचे बाउल किंवा रुंद बरण्या घ्या. प्लास्टिक नको. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं प्लास्टिकला चिकटून बसतात, मग पाण्यात किती उरलं ते कळत नाही. ही भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत, त्यावर खूण करून ठेवा. हातमोजे घाला. पाणी फडक्यातून गाळून घ्या.

उवा माशावरून मऊ ब्रशनं काढा, चिमट्यानं नको, चिमट्यानं चूषक फाटतात. मासे ओल्या फडक्यात धरा आणि लगेच परत सोडा. एका बाउलमध्ये दहा उवा, शक्यतो सारख्या आकाराच्या, मोठ्या. फुटलेल्या, आधीच मंद झालेल्या उवा घेऊ नका. काढल्यावर दोन-तीन तासांत चाचणी सुरू झाली पाहिजे.

पहिल्या बाउलमध्ये औषध अजिबात नाही. दुसऱ्यात निम्मा डोस, तिसऱ्यात पूर्ण, चौथ्यात दुप्पट. पाचव्यातही पूर्ण डोसच, पण उवा दुसऱ्या ठिकाणच्या. त्या कुठल्या ते पुढे सांगते.

आता एवढासा डोस मोजायचा कसा? समजा पशुवैद्यकानं किंवा मत्स्य अधिकाऱ्यानं १००० घनमीटरला २० मिली लिहून दिलंय. हा आकडा फक्त गणितासाठी आहे, डोस म्हणून घेऊ नका. एक मिली औषध एक लिटर पाण्यात मिसळा, हे पहिलं द्रावण. त्यातलं २० मिली घेऊन त्यात पाणी घालत एक लिटर करा, हे दुसरं द्रावण. दुसऱ्या द्रावणाचं १ मिली एक लिटरच्या बाउलमध्ये टाकलं की पूर्ण डोस झाला. अर्धा मिली म्हणजे निम्मा, दोन मिली म्हणजे दुप्पट. गणित नेहमी असंच बसतं: चिठ्ठीवर १००० घनमीटरला जितके मिली, तितकेच मिली पहिल्या द्रावणातून दुसऱ्यात. द्रावण त्याच दिवशी करा आणि चाचणीनंतर उरलेलं टाकून द्या. दुसऱ्या दिवशी वापरू नका.

बाउल सावलीत ठेवा, वरून जाळी. चोवीस तासांनी प्रत्येक उवेला ब्रशच्या टोकानं हलकेच ढकला. तिनं पोहून काचेला पुन्हा धरलं तर ती ठीक. पाय हलतात पण धरता येत नाही, ती निकामी, तिला मेलेल्यांत धरा, कारण तळ्यात ती माशावर परत बसू शकणार नाही. अजिबात न हलणारी मेलेली. बिनऔषधाच्या बाउलमध्ये एकापेक्षा जास्त ऊ मेली असेल तर चाचणी बाद समजा आणि पुन्हा करा. तिथे हाताळणीत किंवा पाण्यातच काहीतरी बिघडलंय.

पाचव्या बाउलमधल्या उवा औषध न पाहिलेल्या हव्यात. ज्या तळ्यात कधीच औषध गेलं नाही अशा शेजाऱ्याच्या तळ्यातल्या, किंवा धरणावरच्या रानटी माशावरच्या. गंगापूर किंवा दारणा धरणावर जाळं टाकणाऱ्या भोई-कोळी बांधवांना सांगून ठेवलं तर ताज्या रोहूवरच्या उवा मिळतात. त्यांचे पैसे द्या, त्यांचा वेळ फुकटचा नाही. तुमच्याकडच्या दहापैकी चार जगल्या एवढ्यावरून काहीच ठरत नाही. धरणातल्या उवा त्याच बाटलीनं, त्याच पाण्यात, त्याच दिवशी सगळ्या पडल्या आणि तुमच्या चार चिकटून राहिल्या, तर मात्र त्याला अर्थ आहे. औषध पाहिलेलं नसलेल्या उवा ही या भागाची ठेव आहे, आणि ती नदीत नि धरणात आहे.

निकाल वाचताना घाई नको. पूर्ण डोसात सगळ्या पडल्या आणि तरी तळ्यात काम झालं नाही, तर उवांना दोष देऊ नका. पाण्याचा हिशेब, बाटलीची तारीख, हिरवंगार शेवाळलेलं पाणी, यांतलं काहीतरी आहे. शेवाळ आणि गाळ पायरेथ्रॉइड गटाची औषधं (सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन) शोषून घेतात. दुप्पट डोसातही तीन-चार चिकटलेल्या आणि धरणाच्या उवा मात्र पूर्ण डोसात पडल्या, तर प्रतिकाराची शंका पक्की धरा. दहा हा आकडा लहान आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा. तोच निकाल आला तर त्या गटाचं औषध थांबवा. डोस वाढवणं हा उपाय नाही.

आणखी एक फसगत. औषधानंतर पंधरा दिवसांनी उवा परत दिसल्या की लोक म्हणतात, औषध गेलं वाया. अंड्यांना ही औषधं लागत नाहीत. उष्ण पाण्यात अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, तेव्हा त्या बारीक उवा नव्या असतात. अठ्ठेचाळीस तासांनंतरही मोठ्या उवा जिवंत असतील तर शंका घ्या. म्हणून वहीत नुसता आकडा नको, लहान-मोठं वेगळं लिहा.

गट बदलायचा म्हणजे बाटली बदलायची नाही

सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन एकाच गटातली. आयव्हरमेक्टिन, अ‍ॅबामेक्टिन, इमामेक्टिन दुसऱ्या एकाच गटातली. नाव बदललं, कंपनी बदलली, गट तोच राहिला, तर निवडही तीच चालू राहते. बागायतदाराला हे शिकवायला लागू नये.

आपल्याकडची खास भीती इमामेक्टिनची आहे. बागेतल्या थ्रिप्ससाठी, म्हणजे फुलकिड्यांसाठी, ते घरात असतंच. पाच टक्क्यांची ती पावडर काही जण खाद्यात कालवतात. सॅमनसाठीचं तयार औषध ०.२ टक्क्याचं असतं, म्हणजे घरातली पावडर त्याच्या पंचवीसपट तीव्र. पिकाची पावडर माशासाठी बनलेली नाही. डोस चुकला तर मासे मरतात, नाही चुकला तरी अंश मासळीत राहतो आणि ती मासळी कोणाच्या तरी ताटात जाते. हे करू नका. फवारणीचा ब्लोअर तळ्याच्या काठावर धुवू नका. तिथून थेंबाथेंबानं जाणारं कमी प्रमाणातलं औषध उवांची निवड करतच राहतं, आणि पिल्लांचं खाद्य असलेले प्राणिप्लवंगही मारतं.

'नुवान', म्हणजे डायक्लोरव्हॉस, मागणारेही अजून भेटतात. डायक्लोरव्हॉसवर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. जुनी बाटली असेल तरी वापरू नका.

औषधाशिवाय जितकं जमेल तितकं

एका माशावर एखाद-दुसरीच ऊ असेल तर मी औषध सुचवत नाही, बांबू सुचवते. मादी अंडी घालायला माशावरून उतरते आणि पाण्यातल्या कडक पृष्ठभागावर ओळीनं चिकटवते. उभे चिरलेले बांबू किंवा खडबडीत फळ्या काठापासून थोड्या आत, पाण्यात सोडा. दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात पूर्ण वाळवा, खरवडा, परत टाका. दोन आठवड्यांहून जास्त आत ठेवल्या तर अंडी तिथेच फुटतील आणि तुम्ही उवांना पाळणा दिल्यासारखं होईल. कागदावरही अंडी घातली जातात, म्हणून पाणी खाली जाईल तसा उघडा पडलेला भाग झाडूनं घासा आणि उन्हाला तापू द्या. प्रतिकाराचं जनुक असो वा नसो, वाळलेलं अंडं फुटत नाही.

मासे काढून झाले की तळं पूर्ण कोरडं करा. जाळी, क्रेट, बादल्या एका तळ्यातून दुसऱ्यात ओल्या नेऊ नका. ऊ माशाशिवाय काही दिवस तग धरते. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, आणताना विकणाऱ्याला विचारा, शेवटचं औषध कोणतं आणि कधी दिलं. नव्या बोटुकलीसोबत औषधाला न जुमानणाऱ्या उवा आल्या तर तुमच्या तळ्यात काहीही न टाकता प्रतिकार येऊन बसेल. आधी वेगळ्या टाकीत ठेवा, भिंगानं बघा.

चाचणीत प्रतिकार दिसला तर नमुना पाठवा

दोनदा तोच निकाल आला तर जिवंत राहिलेल्या उवा आणि धरणाच्या उवा वेगवेगळ्या छोट्या बाटल्यांत, ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए खराब होतो आणि मग जनुकाचा तपास होत नाही. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं तारीख, तळं, औषध आणि डोस लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. अल्कोहोल जवळच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागाकडे किंवा पशुवैद्यकाकडे विचारा. तक्रार 'रिपोर्ट फिश डिसीज' या सरकारी अ‍ॅपवर नोंदवा आणि जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयाला कळवा. मुंबईच्या वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, भुवनेश्वरजवळ गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे आणि तिथे अर्गुलसच्या जनुकांवर काम झालेलं आहे. नमुना नीट ठेवलेला असेल तरच त्यांना काही करता येईल.

तोपर्यंत त्या तळ्याचं पाणी नाल्याला सोडू नका. आपल्याकडचे कितीतरी ओढे-नाले कादवा आणि गोदावरीतून शेवटी नांदूर मधमेश्वरला जातात. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आणि रानटी माशांचं घर. चाचणीचं उरलेलं पाणीही नाल्यात किंवा तळ्यात नको, विहिरीपासून लांब कोरड्या मातीत जिरवा. तळं रिकामं करायचं असेल तर मासे काढल्यावर पाणी बागेला किंवा शेताला द्या, आणि पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.